कड्यावरची लाल लोकर

मित्रांनो, ज्या दिवसापासून मी सुरुवात करते आहे, त्या दिवशी काहीच घडले नाही. ऊन वेळेवर आले. वारा रोजच्यासारखा बोचरा होता. मेल्चोर कड्याला पाठ लावून बसला होता. त्याची मुलगी देल्फिना त्याच्या लाल पोंचोची, म्हणजे डोक्यातून घालायच्या लोकरीच्या घोंगडीची, उसवलेली कड शिवत होती, आणि मी त्याच कडेतून लोकरीचा एक धागा ओढत होते.

मी कोण ते सांगते. चिंबोराझो पर्वतावरची मी एक म्हातारी किंदे आहे. तुम्ही आम्हांला गुंजनपक्षी म्हणता. मिटलेल्या मुठीत मी पुरती मावते. यानारुमी नावाच्या काळ्या कड्यात, पुढे आलेल्या दगडाच्या पोटाशी माझे घरटे आहे. कड्याखाली पिवळ्या गवताचा उतार आहे. त्यात केशरी फुलांची, काटेरी चुकिराग्वाची झुडपे आहेत. त्या फुलांतला मध हे आमचे अन्न. उताराच्या पायथ्याशी पाण्याचा पाट, आणि पाटाखाली वस्तीची जवाची शेते. झाडे इतक्या उंचावर उगवत नाहीत. आमच्या डोक्यावर फक्त बर्फ.

"तिला घेऊ दे गं तो धागा," मेल्चोर म्हणाला.

"कुणाला?"

"तुझ्या सुईच्या पलीकडे बघ."

देल्फिनाने मान वर केली. मी धागा सोडला नाही.

"आत्ता कळलं हे उसवतं कसं! मी दर खेपेला शिवते आणि तुम्ही दर खेपेला उसवून ठेवता, ताइता."

बापाला ती ताइता म्हणे. त्या डोंगरात सगळीच मुले म्हणतात.

"मी कशाला उसवू? काटे लागतात."

"काटे डाव्या बाजूलाच लागतात? कड्याकडच्या?"

मेल्चोर हसला. त्याचे पुढचे दात पडलेले होते, म्हणून हसताना तो तोंडावर हात धरी. "शहरात जाऊन पोरगी वकील झाली."

"शिक्षिका झाले."

"तेच ते. दोघंही दुसऱ्याला बोलू देत नाहीत."

देल्फिना रियोबांबा शहरातल्या शाळेत शिकवायची. सुट्टी मिळाली की दुधाच्या गाडीतून वर यायची. येताना पाव आणायची आणि एखादे पुस्तक. त्या खेपेला तिने पक्ष्यांचे जाड पुस्तक आणले होते. भाजलेल्या जवाचे पीठ आणि उकडलेले बटाटे खाऊन झाल्यावर तिने ते मांडीवर उघडले आणि मोठ्याने वाचू लागली. माझ्याविषयी कोणी काही लिहिले आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

तिने वाचले ते असे. गुंजनपक्ष्यांच्या शेकडो जाती आहेत. त्यांतली आमची एक लहानशी शाखा, झाडे संपतात तिथून वर राहणारी. 'पर्वत' आणि 'लहान पक्षी' अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून शास्त्रज्ञांनी तिचे नाव ठेवले. या शाखेत मोजक्याच जाती. कोणाचा गळा हिरवा, कोणाचा निळा, कोणाच्या पोटावर काळा पट्टा, तर कोणाच्या तांबूस. एकेका जातीने एकेक पर्वतरांग वाटून घेतलेली. आमच्या जातीच्या नराचे डोके आणि गळा झगझगीत जांभळा, त्याखाली काळी रेघ, पोट पांढरे. त्या जांभळ्या गळ्यावर हिरवा तुकडा असेल, तर तो पक्षी याच पर्वताचा. मादी मात्र राखी-हिरवी, गळ्यावर पांढुरके ठिपके. आमचे पाय इतर गुंजनपक्ष्यांपेक्षा मोठे आणि दणकट, कारण इथल्या विरळ हवेत हवेतल्या हवेत तरंगत मध पिणे परवडत नाही. आम्ही फांदी धरून बसतो आणि मग पितो. आमच्या जवळच्या नातेवाईक म्हणजे पाकोळ्या. तुमच्या अंगणातला शिंजीर दिसायला आमच्यासारखा असेल, पण तो आमचा कोणी नाही.

"यांच्या भांडणाचं काही लिहिलंय?" मेल्चोरने विचारले.

देल्फिनाने ओळ शोधली. "'नर आपल्या हद्दीचे रक्षण करतात.'"

"रक्षण! परवा एकाने दुसऱ्याच्या डोळ्यात चोच घातली, तो आंधळा होऊन दगडावर आपटला. रक्षण म्हणे."

"मग तुम्ही आणि अन्सेल्मोमामा काय करता? तेही रक्षणच ना?"

मेल्चोरने तोंडावर हात धरला. "बटाटा दे," तो म्हणाला.

मित्रांनो, तुमची अशी समजूत असेल की आम्ही फुलांचे नाजूक पाहुणे. ती मोडावी लागते आहे. एका झुडपावर जेवढी फुले, तेवढेच एका पक्ष्याचे आयुष्य. दुसरा आला की पहिल्याने मरायचे किंवा मारायचे. मी माझे झुडूप एका तरण्या मादीच्या छातीवर पाय रोवून मिळवले. आम्ही दोघी एकमेकींना धरून गवतात पडलो, आणि मी उठले तेव्हा ती उठली नाही. ते झुडूप मोठे होते. त्याच्यावर मी पुष्कळ पिल्ले वाढवली.

रात्री तर आम्ही जवळजवळ मरतोच. थंडीत जिवंत राहण्याएवढे अन्न पोटात नसते, म्हणून आम्ही अंगातली ऊब विझवून टाकतो. काळीज सावकाश चालते, अंग दगडासारखे गार पडते. तुम्ही उचलले तर फेकून द्याल. सकाळी ऊन लागले की आम्ही थरथरतो आणि पुन्हा जागे होतो. एखादा होत नाही. तो नखांनी दगड धरून तसाच लटकत राहतो, आणि वाऱ्याने पडेपर्यंत कोणाला कळत नाही.

माझे घरटे माझ्या आईने बांधले. शेवाळ, गवत, लामा नावाच्या लांब मानेच्या जनावराची लोकर आणि पिसे. गारपिटीत माझा भाऊ त्यातून खाली पडला. आईला ससाण्याने नेले. मी नुकती उडायला शिकले होते आणि कड्याच्या टोकावर बसून बघत होते. तिचा आवाज झाला नाही. थोड्या वेळाने हवेतून दोन पिसे खाली आली. एक वाऱ्याने गेले. दुसरे मी उचलले आणि घरट्यात लावले. आम्ही घरटे सोडत नाही. आईच्याच घरट्यावर दरवर्षी एक थर चढवतो. ते पीस आता पुष्कळ खाली गेले आहे. त्याच्यावर पांढरी लोकर, मग करडी, आणि मग मेल्चोरच्या पोंचोची लाल.

हा मेल्चोर वस्तीच्या लामा राखायचा. लहानपणापासून त्याचा दिवस कड्याखाली जाई. तो आमच्याशी बोले. "लामांशी बोलून माणूस लामा होतो," तो म्हणायचा, "हे निदान उलट बोलतात." दर कोरड्या ऋतूच्या आधी तो खोरे घेऊन येई आणि झुडपे व कडा यांच्याभोवती जमिनीचा एक पट्टा खणून उघडा करी, म्हणजे गवताची आग आली तर तिथे थांबावी.

आग येणारच होती. कारण आमच्या डोंगरात पाऊस लांबला की माणसे गवत पेटवतात. त्यांच्या बापजाद्यांनी सांगितले आहे की धूर वर जातो, ढगांना सांगतो, आणि ढग खाली येतात. त्यांच्या मनात वाईट काही नसते. शेतातला जव पिवळा पडत असतो, आणि घरात मुले असतात.

आदल्या वर्षी ते कड्याखालचा उतारच पेटवायला आले होते. पुढे अन्सेल्मो. तो वस्तीचा प्रमुख, मेल्चोरच्या वारलेल्या बायकोचा धाकटा भाऊ. मेल्चोर खोरे आडवे धरून उभा राहिला. अन्सेल्मोच्या खांद्यावर प्रमुखाचा चामडी चाबूक असे. त्याने तो काढला आणि मेल्चोरच्या तोंडावर मारला. कातडी कानापासून ओठापर्यंत फाटली. मेल्चोरने खोऱ्याचा दांडा त्याच्या बरगडीत घातला. हाड मोडल्याचा आवाज मला कपारीत ऐकू आला. मग लोकांनी दोघांना ओढून बाजूला केले, आणि असे ठरले की आग लावायची ती पाटाच्या खालच्या बाजूला, वर कधीही नाही. पुढच्या सणाला दोघे एकाच भांड्यातून प्यायले. मेल्चोर म्हणाला, मेव्हण्याची बरगडी मोडायला वीस वर्षं वाट पाहिली. अन्सेल्मो म्हणाला, पडलेले दात मीच पाडले असं सांगत जा दाजी, माझी इज्जत राहील.

तर त्या शेवटच्या साध्या दिवशी, दुपार कलताना, अन्सेल्मो उतार चढून आला. धापा टाकत, आकाशाकडे बघत.

"या मेव्हणे," मेल्चोर म्हणाला, "बरगडी कशी आहे?"

"थंडीत तुमची आठवण काढते." अन्सेल्मो बसला आणि त्याने देल्फिनाच्या हातातला पाव उचलला. "काय गं, शहरात नवरा मिळाला का नाही?"

"मिळतात, मामा. पण ते तुमच्यासारखेच दुसऱ्याचा पाव खातात."

"तोंड बापाचं आहे." त्याने पाव मोडला. मग तो मेल्चोरकडे न बघता म्हणाला, "उद्या लावतोय. पाटाच्या खाली. ठरल्याप्रमाणे."

"वारा बघितलास का?"

"वारा खालच्या बाजूला आहे."

"आज आहे."

"दाजी, जव गेला. बटाटा जायला आलाय. सगळ्या बायका माझ्या दाराशी येऊन बसतात. काय सांगू त्यांना, माझ्या दाजींची पाखरं आहेत वर?"

 मेल्चोरने हाताने जमीन चाचपली. यंदा त्याचा गुडघा दुखत होता, आणि पट्टा नेहमीएवढा रुंद झाला नव्हता. ते तिघांनाही दिसत होते.

अन्सेल्मो गेल्यावर देल्फिनाने दात लावून धागा तोडला आणि पोंचो बापाच्या डोक्यावरून घातला.

"चला माझ्याबरोबर खाली," ती म्हणाली. "आजच. खोलीला खिडकी आहे. समोर बाजार भरतो."

"मग मी काय करू? खिडकीत बसून बाजार बघू?"

"बसा. बघा. म्हातारे व्हा. एवढंच करा."

"बघू," मेल्चोर म्हणाला.

हे दोघांचे ठरलेले बोलणे होते. ती दर खेपेला 'खाली चला' म्हणे, तो दर खेपेला 'बघू' म्हणे, आणि मग ती गाडी गाठायला उतरू लागे. त्या दिवशीही ती उतरली. पाटापाशी तिने मागे वळून हात वर केला. मेल्चोरने पोंचोची नुकती शिवलेली कड बोटांत धरली, टाका शोधला आणि हळूच ओढला. धागा सुटला. त्याने तो दगडावर ठेवला, माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आग लावली.

पाटाच्या खालीच लावली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर पुष्कळजण काहीबाही बोलले. धूर सरळ वर गेला. खाली माणसांनी टोप्या काढल्या आणि ढगांना हाका मारल्या. मग वारा थांबला. डोंगरात वारा थांबतो तेव्हा तो वळत असतो. मी पिल्लांवर बसले होते. घरट्यात दोन होती, अजून पिसे न फुटलेली.

वारा उताराला धरून वर आला आणि आग त्याच्याबरोबर पाटावरून उडी मारून आली. तिचा आवाज तुम्ही ऐकला नसेल. कोरडे गवत ओरडते. गवतातून एक ससा पेटलेला धावत आला, झुडपात शिरला, आणि ते झुडूप पेटले. चुकिराग्वात राळ असते. झुडपे बंदुकीच्या बारासारखी फुटू लागली. प्रत्येक झुडपाला एक मालक होता. मित्रांनो, आमचे नर हद्द सोडत नाहीत. ते आगीवर धावून गेले. मी एकाला पाहिले, जांभळी टोपी फुगवून ज्वाळेशी भांडताना. तो तिच्यावर एकदा झेपावला, दुसऱ्यांदा झेपावला, आणि तिसऱ्यांदा तो नव्हता.

मेल्चोर लामांच्या वाड्याकडून धावत आला. दुखऱ्या गुडघ्याने तो धावत नव्हता, पडत होता आणि उठत होता. त्याने पाटात पोंचो बुडवला आणि पट्ट्यावर येऊन आगीला झोडपू लागला. जिथे पट्टा रुंद होता तिथे आग थांबली. जिथे अरुंद होता तिथे ती ओलांडून आली, आणि तिथे तो उभा राहिला. ओला पोंचो आदळला की वाफ उठे, आणि त्या वाफेत तो दिसेनासा होई, मग पुन्हा दिसे. त्याच्या भुवया जळल्या. केस जळले. चाबकाचा जुना वळ तोंडावर पांढरा दिसू लागला, कारण बाकीचे तोंड काळे झाले होते.

खालून अन्सेल्मो ओरडत वर येत होता. "दाजी! खाली या! अहो, पक्षी आहेत ते! पक्षी!"

"तोंड काय वाजवतोस मेव्हण्या," मेल्चोर ओरडला, "तुझा पोंचो भिजव!"

हे त्याचे शेवटचे शब्द. अन्सेल्मोने पोंचो भिजवला. त्याने नुसत्या हातांनी पेटती झुडपे उपटली. त्याच्या तळहातांची कातडी फांद्यांना चिकटून राहिली. मग दोघांमध्ये धुराचा लोट आला, आणि लोकांनी अन्सेल्मोला कमरेला धरून मागे ओढले. तो त्यांना चावत होता.

धूर कपारीत शिरला. मी पंख पसरून घरटे झाकले. माझे एक पिल्लू खोकले आणि गप्प झाले. दुसरे माझ्या पोटाखाली हलत राहिले. आग पट्ट्यापाशी मरेपर्यंत मी हलले नाही.

मेल्चोर कड्याच्या तळाशी बसला होता, पाठ दगडाला लावून, रोज बसायचा तसा. त्याच्या हातात पोंचोचा फक्त गळा उरला होता, आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी हात लावल्यावर तोही राख होऊन पडला. जमीन इतकी तापली होती की त्या दिवशी कोणाला वर येता आले नाही.

मला वाटले, तो आमच्यासारखा निजला आहे. त्याने अंगातली ऊब विझवली आहे, आणि सकाळी ऊन लागले की थरथरून जागा होईल. सकाळी ऊन आले. आधी त्याच्या टोपी नसलेल्या डोक्यावर आले, मग खांद्यांवर, मग हातांवर. मी कड्यावरून बघत राहिले. ऊन त्याच्या पायांपर्यंत गेले.

ते त्याला न्यायला आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

होय, मित्रांनो. पाऊस आला. बारीक, थंड, पुष्कळ. राखेतून काळे ओहोळ पाटात गेले. चौघांनी मेल्चोरला घोंगडीत घेतले. त्यांच्यातला एक तरणा गडी आकाशाकडे बघून म्हणाला, "काही म्हणा, धुराने आणलाच."

अन्सेल्मोने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचे हात फडक्यात गुंडाळलेले होते, आणि मारल्यावर फडके लाल झाले. "पुन्हा बोल," तो म्हणाला. तो गडी बोलला नाही. अन्सेल्मोने तरीही त्याला आणखी एकदा मारले, आणि मग चिखलात बसून तो स्वतःचेच डोके कड्यावर आपटू लागला, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला आवरले.

त्या ऋतूत ढग आमच्या डोंगरावर येतातच. मी जन्मभर पाहते आहे. आग लागली तरी येतात, न लागली तरी येतात. पण माणसाने आधी धूर पाहिला आणि मग पाऊस पाहिला, तर त्याला कोण समजावणार? मला तुमची भाषा तेव्हा बोलता आली असती, तर मी त्यांच्या प्रत्येकाच्या कानाशी जाऊन हे सांगितले असते. आता तुम्हांला सांगते. तुमच्याही डोंगरांवर कोरडे गवत असेल, आणि त्याला काडी लावायला काही ना काही कारण असेल. कारण चांगलेच असते. त्या गवतात कोण आपले घर सोडून जाणार नाही, एवढे आधी बघा. आणि ज्याने पट्टा खणला आहे, त्याचा गुडघा दुखत असेल तर त्याच्या हातातले खोरे आपण घ्या. आता अन्सेल्मो घेतो. त्याची बोटे नीट मिटत नाहीत, म्हणून तो दांडा मनगटाला बांधतो. त्याचा पट्टा रुंद असतो. चार झुडपांना पुन्हा पालवी फुटली आहे.

पण हे पुढचे झाले. त्याच्या आधी मला देल्फिनाविषयी सांगायचे आहे.

मेल्चोरला पुरल्यानंतर, तिथल्या रीतीप्रमाणे, त्याचे सगळे कपडे धुवायला बायका पाटावर आल्या. मेलेल्या माणसाचा प्रत्येक कपडा वाहत्या पाण्यात धुवावा लागतो. मग तो मोकळा होतो आणि आपल्या वाटेने जातो. त्यांनी सदरे धुतले, विजार धुतली, टोपी धुतली आणि गवतावर वाळत टाकली. मेल्चोरची थोरली बहीण त्रान्सितो सगळ्यांत म्हातारी होती. तिने कपडे हाताने चाचपले.

"पोंचो कुठाय?"

"जळला, आत्या," देल्फिना म्हणाली. ती शहरातून आल्यापासून रडली नव्हती. बायकांना ते आवडले नव्हते.

"सगळा? एक धागासुद्धा नाही?"

"नाही."

"नीट आठव, पोरी. बिनधुतलेला धागा राहिला तर तो त्याला धरून ठेवतो. माझा भाऊ इथे थंडीत घुटमळत राहील. त्याला जायला वाट मिळणार नाही."

देल्फिना ओले हात तसेच धरून उभी राहिली. मग तिने कड्याकडे पाहिले, वर, थेट माझ्या कपारीकडे.

ती जळलेल्या उतारावरून चढून आली. अन्सेल्मो तिच्या मागे आला, पण गुंडाळलेल्या हातांनी त्याला कडा चढता येईना. ती एकटी चढली. बटाटे खणायचा सुरा तिने दातांत धरला होता. माझ्या कपारीच्या उंबऱ्यावर तिने कोपर टेकले आणि सुरा हातात घेतला.

मी तिच्या तोंडावर धावून गेले. माझी चोच डोळ्याखाली लागली आणि रक्त आले. मी पुन्हा गेले, आणि तिने मला हवेतच पकडले. तिची मूठ मिटली. मी आधी सांगितले आहे, मिटलेल्या मुठीत मी पुरती मावते. माझी हाडे वाकू लागली. तिच्या बोटांना बटाट्यांच्या मातीचा आणि साबणाचा वास होता. तिने मला डोळ्यांसमोर धरले आणि दाबले. ती माझ्याकडे असे बघत होती, जसे मी त्या तरण्या मादीकडे बघितले होते. मला वाटले, आता झाले.

मग तिने घरट्यात पाहिले.

आत माझे उरलेले पिल्लू चोच उघडून बसले होते. त्याच्याखाली लाल लोकर होती. वरच्या थरात सगळीकडे होती. काठाला गुंडाळलेली, शेवाळात विणलेली, पिल्लाच्या पोटाखाली दाबलेली. जुने धागे फिके झाले होते. सगळ्यांत वरचा ताजा होता, आणि त्याच्या टोकाला तिनेच घातलेल्या टाक्याची गाठ अजून होती.

"आहे का?" खालून अन्सेल्मोने विचारले.

"आहे, मामा."

"निघतोय?"

तिने सुऱ्याचे टोक धाग्याखाली घातले आणि जरासे उचलले. सगळे घरटे एका बाजूने वर आले. पिल्लू घसरले आणि काठाला लागले. तिने सुरा थांबवला.

"निघेल. पण सगळं उलगडेल."

"मग उलगडू दे," अन्सेल्मो म्हणाला. "त्यांची वाट मोकळी व्हायला हवी, पोरी. पक्षी आहे तो. पक्षी..."

तो मध्येच थांबला. हेच शब्द तो त्या दिवशी ओरडला होता. त्याने बांधलेले हात तोंडावर धरले आणि तो कड्याकडे पाठ करून उभा राहिला. खाली पाटावर बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. सगळ्या वर बघत होत्या.

देल्फिनाने सुरा काढून घेतला. घरटे पुन्हा जागेवर बसले. तिने एका बोटाने पिल्लाला मध्यभागी सरकवले, आणि मग मूठ उघडली. मी उडाले नाही. मला उडता येत नव्हते. मी तिच्या तळहातावर बसून श्वास घेत होते. तिच्या गालावरून रक्त ओघळून हनुवटीवर आले होते, ते तिने पुसले नाही.

ती मोठ्याने बोलली. खालच्या सगळ्यांना ऐकू गेले.

"मला तुमचा फार राग आलाय, ताइता. मी आयुष्यभर तुम्हांला खाली चला म्हणत राहिले." तिने मला घरट्याच्या काठावर ठेवले, लाल लोकरीवर. "राहा. इथेच राहा."